गडग्याखालचा बिंदू

रत्नागिरीहून पूल ओलांडला की खाडी मागे पडते आणि भाट्ये लागते. उजव्या हाताला सुरूचे बन, त्यापलीकडे सरळ, लांबच लांब पुळण आणि टोकाशी झरीविनायक. रस्त्यालगत १९५५ सालापासूनचे नारळ संशोधन केंद्र. शहरातली माणसे इथे सूर्यास्त पाहायला येतात. मी आलो होतो एक दगड पाहायला!

भाट्यात आमच्या आत्याचे आगर आहे. शेजारच्या आगरामधला गडगा पावसात दहा-बारा हात ढासळला. तो पुन्हा रचायचा, पण कोणत्या रेषेवर? मध्ये सात माड होते. सात माड म्हणजे कोकणात घरची सात कर्ती माणसे. बोलणे तुटले; गणपतीत पलीकडची मंडळी आरतीलाही आली नाहीत. शेवटी मोजणी आली.

कोपऱ्यावर हद्दीचा दगड होताच. पण तो जांभ्याचा, पावसाने खाल्लेला आणि एका बाजूला कललेला. आता हद्द धरायची कुठून? माथ्यापासून की बुडापासून? दोहोंत हातभर अंतर! पलीकडचे अण्णा म्हणत माथा, आत्या म्हणे बूड.

भूकरमापक तरुण होते. उपग्रहांवरून जागा सांगणारा रोव्हर त्यांच्यापाशी होता. पण त्यांनी आधी उघडले जुने टिपण. “यंत्र मी उभा असेन ती जागा सांगेल. जुना कोपरा कुठे होता, ते हा कागदच सांगणार,” ते म्हणाले.

टिपण ही मोठी गमतीची वस्तू आहे. चित्र नुसते अंदाजाने काढलेले, प्रमाणाचा पत्ता नाही. खरे ते आकडे. आणि आकडे साखळी-आण्यांचे! १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या साहेबांनी इंदापुराकडे जी मोजणी सुरू केली, तिचा हा वारसा. साखळी ३३ फुटांची, तिचे आणे सोळा. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद, की झाला गुंठा. बाजारातून आणे केव्हाच गेले, पण जमिनीच्या कागदांत ते अजून नांदताहेत. तिथला एक आणा दोन फूट पाऊण इंचाचा. म्हणजे अर्ध्या आण्याची चूक झाली तर फूटभर जमीन गेली.

भूकरमापकांनी वादाच्या दगडाला हातच लावला नाही. पाखाडीच्या कोपऱ्यावरचा एक आणि तीन शेते मिळतात तिथला एक, असे दोन दगड दोन्ही घरांकडून कबूल करून घेतले. आधी त्या दोघांमधले अंतर फितीने मोजून टिपणाशी ताडले. जुनी लोखंडी साखळी वापरून वापरून कड्या फाकून लांबते. तो फरक आधी हिशेबात घ्यावा लागतो. मग एका दगडापासून साडेतीन साखळ्या, म्हणजे ११५ फूट ६ इंच, फीत ताणून मातीत कमान ओढली, दुसऱ्यापासून दुसरी. कमानी जिथे छेदल्या तिथे खुंटी. विहिरीजवळच्या तिसऱ्या खुणेवरून पडताळा घेतला. खुंटी दगडाच्या बुडापासून चार बोटांवर होती!

अण्णा काही बोलले नाहीत. पहार मागवून स्वतःच खणू लागले. दगडाचे बूड आपल्या मूळच्या बैठकीत घट्ट होते. वरचे अंगच तेवढे माडाच्या मुळांनी लोटले होते. पाच माड आत्याकडे राहिले, दोन पलीकडे गेले. ते दोन्ही भरघोस लागणारे, हे आत्याने मला तीनदा सांगितले.

दगड सरळ करताना अण्णांनी नातवाकडून चुलीतले कोळसे आणि खापऱ्या मागवल्या. ही चाल फार जुनी. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात हद्दीवर राख, विटा, कोळसे, खापऱ्या पुराव्यात असे सांगितले आहे. वरची खूण गेली तरी खालची राहावी म्हणून. १८०२ साली मद्रासेकडे सुरू झालेल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणातही वरच्या दगडाच्या बरोबर खाली दुसरी खूण पुरून ठेवत. साहेबाला आणि स्मृतिकाराला एकच भीती!

कोळशांवर माती लोटून अण्णांनी दगड उभा केला. आत्या गडग्याच्या अलीकडून म्हणाली, “पाया रचायला गडी कधी येतात? चहा इकडेच होईल.” अण्णा हात झटकत म्हणाले, “साखर कमी घाल हो.”