वाणिज्यही आणि समाजशास्त्रही

बारावीचा निकाल लागला की आपल्या घरांत एकच प्रश्न फिरतो, ‘कॉमर्स की आर्ट्स?’ कॉमर्स म्हणजे पोटापाण्याची सोय आणि आर्ट्स म्हणजे इतर कुठे जमले नाही त्याची जागा, अशी वाटणी आपणच करून ठेवली आहे. आमच्या लेकीने दोन्ही हवे म्हटले, तेव्हा घरात दोन तट पडले. मामू म्हणाले, “दोन दगडांवर पाय ठेवू नकोस बेटा. बी.कॉम. कर, दुकान सांभाळ.” तिला दुकानही हवे होते आणि समाजशास्त्रही.

आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. आमचे मत कुठे झुकणार, हे मामूंना ठाऊक होते. म्हणून मत बाजूला ठेवून आधी नियम पाहिले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यात ‘डबल मेजर’ची सोय आहे. दुसऱ्या मुख्य विषयात किमान ४० टक्के क्रेडिट मिळवावे लागतात. चार वर्षांच्या १६० क्रेडिटपैकी ६४. पण आमच्या गावच्या कॉलेजात दोन्ही शाखांचे तास एकाच वेळी भरतात.

मग दुसरी वाट सापडली. २०२२ पासून एकाच वेळी दोन पदव्या घेता येतात. तिने कॉलेजात बी.कॉम.ला आणि मुक्त विद्यापीठात बी.ए.ला प्रवेश घेतला. दोन फी, दोन परीक्षा, रविवारचा आराम गेला. हे ओझे खरे आहे. लपवण्यात अर्थ नाही.

यंदा दुकानाची उधारी फार थकली. लेकीने आधी खाती नीट लावली. मग प्रत्येक नावापुढे त्या घराची कमाई कधी येते ते लिहिले. मजुरी करणाऱ्यांना सुगीनंतरची मुदत दिली, पगारदारांना पहिल्या आठवड्याची. आठवणीची चिठ्ठी अशी लिहिली, की कुणाची इज्जत जाऊ नये. मामूंनी ती दोनदा वाचली आणि मुकाट्याने सही केली. बरीचशी उधारी आली, गिऱ्हाईक एकही तुटले नाही.

इब्न खल्दून यांनी १३७७ मध्ये पूर्ण केलेल्या ‘मुकद्दिमा’त समाज आणि बाजारभाव यांचा विचार एकाच ग्रंथात केला आहे. ही वाटणी आपल्या परंपरेतली नाही.

तुमच्या घरीही हा प्रश्न आला, तर प्रवेशाआधी तीन गोष्टी विचारा: तासांच्या वेळा जुळतात का, परीक्षा एकाच दिवशी येतात का, आणि झेपले नाही तर एक विषय सोडता येतो का. उत्तरे मिळाल्यावर शेवटचा शब्द मुलांचा असू द्या. अभ्यास त्यांनाच करायचा आहे.