सोयाबीनच्या धुऱ्यावरचा ग्राउंडहॉग

पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर काउंटीत सोयाबीन बघून मला गावी आल्यासारखं झालं होतं. वाशीम जिल्ह्यातल्या आमच्या शेतातही खरिपाला तेच असतं. पण जूनमध्ये इथल्या एका शेताच्या कडेला, भर पिकात अर्धगोल जागा मोकळी दिसली. रोपांचे नुसते बुडखे उरले होते. हे कशानं झालं म्हणून शेतमालकांना विचारलं. सत्तरीतला, गाई पाळणारा माणूस. त्यांनी पायाने धुऱ्यावरचं गवत बाजूला केलं. खाली ताज्या मातीचा ढीग आणि त्यामागे जेमतेम फूटभर रुंदीचं बीळ.

‘ग्राउंडहॉग,’ ते म्हणाले. ‘शिकार शिकायची असेल तर जुलैत ये. गवताची दुसरी कापणी झाल्यावर.’

हा प्राणी खारीच्या कुळातला. दोन ते सहा किलोंचा, तपकिरी, आखूड पायांचा. धोका दिसला की कर्कश शीळ घालतो. याच राज्यातल्या पंक्सटॉनी गावात १८८७ पासून दर २ फेब्रुवारीला त्याच्या एका भाईबंदाला समारंभाने बाहेर काढतात आणि त्याच्या सावलीवरून हिवाळा किती लांबणार ते सांगतात. शेतकऱ्याच्या लेखी तो पीक खाणारा आणि जमीन पोखरणारा. पीक गेलेलं एक वेळ सोसतं, बीळ सोसत नाही, असं या गृहस्थांचं म्हणणं. गवतात न दिसलेल्या बिळात गाईचा पाय गेला तर मोडू शकतो. कापणीयंत्राचं चाक गेलं तर ऐन हंगामात काम अडतं. शिवाय एका बिळाला एकच तोंड नसतं. मातीचा ढीग असतो तो मुख्य दरवाजा. दुसरं एखादं तोंड आतून वर खणत आणलेलं असतं, म्हणून बाहेर मातीचा कणही दिसत नाही. ते शोधायला मला गवतात अक्षरशः रांगावं लागलं.

मी इथे नोकरीच्या व्हिसावर आहे. अशा माणसाला अमेरिकेच्या संघीय कायद्याने एरवी बंदूक बाळगता येत नाही. एखाद्या राज्याचा वैध शिकार-परवाना असेल तर येते. म्हणजे आधी परवाना, आणि परवान्याच्या आधी प्रशिक्षणवर्ग आणि परीक्षा. वर्गातला बराच वेळ गोळी कधी झाडायची नाही, हे शिकण्यात गेला. राहत्या घरापासून १५० यार्डांच्या आत तिथे राहणाऱ्याच्या परवानगीशिवाय शिकार करायची नाही. लक्ष्याच्या मागे काय आहे ते कळल्याशिवाय ट्रिगरला बोट लावायचं नाही.

आमच्याकडे रानडुकरांसाठी रात्रीची जागल करतात. काका मचाणावरून डबे वाजवायचे, फटाके फोडायचे, ओरडून ओरडून त्यांचा घसा बसायचा. पिकाची राखण म्हणजे आवाज, हेच माझ्या अंगात मुरलेलं. इथे तासन् तास गप्प बसायचं होतं.

जुलैत लसूणघास कापून झाली आणि रान उघडं पडलं. डोक्यावर नारिंगी टोपी घालून आम्ही कुंपणालगतच्या अक्रोडाखाली बसलो. दुर्बिणीतून मला दगड दिसत होते, खुंट दिसत होते. मग त्यातला एक दगड उभा राहिला. मागच्या पायांवर, पुढचे पंजे छातीशी धरून. माझं काळीज इतकं धडधडायला लागलं की दुर्बीण हलू लागली. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान हलवून नकार दिला.

तो टेकाडाच्या माथ्यावर होता आणि त्याच्या मागे फक्त आकाश. नेम चुकला तर रायफलची गोळी मैलाहून लांब जाते, आणि टेकाडापलीकडच्या रस्त्याने आमिश लोकांच्या घोडागाड्या जातात. .२२ ची छोटी गोळीसुद्धा दगडावर आपटून भलतीकडे उसळू शकते. तो खाली उतरेल, त्याच्या मागे टेकाडाची माती येईल, तोवर थांबायचं. तो बराच वेळ उतरला नाही.

त्या वेळात मी हळूच विचारलं, आत पिल्लं असतील तर?

पिल्लं एप्रिल-मेमध्ये जन्मतात, ते म्हणाले, आणि जुलैपर्यंत आईपासून सुटी होऊन आपापलं बीळ धरतात. म्हणूनच तुला जुलैत बोलावलं. आई मेली तर बिळातली पिल्लं उपाशी मरतात.

म्हणजे जूनमध्ये मी पाहिलेले ते बुडखे त्यांनी जाणूनबुजून सोसले होते. त्यांच्या डोळ्यांदेखत कोवळं सोयाबीन खाल्लं जात होतं आणि ते थांबले होते. त्या काळात शेताच्या कडेला आलेल्या कुणालाही त्यांनी बंदूक बाहेर काढू दिली नव्हती. रोपामागे पैसा मोजणाऱ्या घरात मी वाढलो आहे. हे थांबणं किती महाग पडतं ते मला कळतं. त्या माणसाबद्दल मला जो आदर वाटला तो अजून ओसरलेला नाही.

शेवटी तो उतारावर आला. त्यांनी होकार दिला, मी श्वास सोडला आणि चाप ओढला.

जवळ गेलो. पुढचे दात स्वच्छ पांढरे होते. कुरतडणाऱ्या बऱ्याच प्राण्यांचे पिवळट-नारिंगी असतात, याचे नसतात. पोटावर चरबी चढायला लागलेली. हिवाळ्यात हा खरोखरीची दीर्घ निद्रा घेतो. मिनिटाला ऐंशीच्या आसपास पडणारे हृदयाचे ठोके पाचेकवर येतात, आणि ती झोप या उन्हाळ्यातल्या खाण्यावर निभावते. मला वाईट वाटलं. तसं मी बोललोही. ते म्हणाले, वाटायलाच हवं, आणि सुरी काढून त्यांनी मला पुढच्या पायांखालच्या वासाच्या ग्रंथी कशा काढायच्या ते दाखवलं. त्या राहिल्या तर मांस बिघडतं. रात्री त्यांच्या स्वयंपाकघरात ते मंद आचेवर शिजलं आणि मीही जेवलो.

बीळ लगेच बुजवलं नाही. सोडून दिलेल्या बिळात ससे, स्कंक, कधी कोल्हेही राहतात. तोंडाशी गवताचा सैल बोळा कोंबून ठेवायचा. काही दिवसांत तो कुणी ढकलला नाही तरच माती भरायची.

आता उरलंय ते कोठाराजवळचं. भरलेली गाडी थेट वरच्या मजल्यावर नेता यावी म्हणून इथल्या जुन्या कोठारांना मातीचा चढ असतो. त्या चढातच एकाने घर केलंय आणि पायाचे दगड सुटायला लागलेत. तिथून शेजाऱ्याचं घर हाकेच्या अंतरावर आहे, त्यामुळे बंदूक नाही. पिंजरा लावायचा, आत खरबुजाची फोड ठेवायची, आणि मी सकाळ-संध्याकाळ बघून यायचं, असं ठरलंय.