सोनमाशांचा हिवाळा

जालना जिल्ह्यातील आमच्या आष्टीला पौषातली थंडी बोचरी असते. अशाच एका रात्री काचपेटीतले दोन्ही सोनमासे तळाशी निपचित दिसले आणि आमचा जीव कळवळला. आम्ही बंबातले ऊन पाणी पेटीत ओतले. सकाळी एक मासा उलटा तरंगत होता. धाकटी लेक दिवसभर आमच्याशी बोलली नाही.

पुढे वाचनातून उमगले की, हा मासा मूळचा चीनमधला, थंड पाण्यातही रमणारा. पाण्याप्रमाणे त्याच्या देहाचे तापमान बदलते. गारठ्यात तो मंदावतो, ते दुखणे नव्हे. त्याला सोसत नाही तो एकाएकी झालेला बदल. पाणी १० अंशांखाली गेले की पचन जवळजवळ थांबते, म्हणून तेव्हा खाद्यही देऊ नये.

आता आम्ही पेटी खिडकीपासून दूर ठेवतो. रात्री तिच्या बाजू गोधडीने झाकतो, वर हवेला वाट ठेवतो. बदलायचे पाणी आदल्या दिवशीच घरात भरून ठेवतो आणि एका वेळी पाव भागच बदलतो.

आमची माया खोटी नव्हती. तिला माशाची ओळख नव्हती, इतकेच. लेकीला हे सांगायला मात्र आम्हांला एक हिवाळा लागला.