शिझुओकातलं घर

बी.ई.च्या शेवटच्या वर्षी मी ‘जेनेसिस’मधून जपानला गेलो. जपान सरकारनं 2007 साली भारतासह अनेक देशांच्या तरुणांसाठी सुरू केलेला हा उपक्रम. विमानभाडं, राहणं, जेवण सगळं त्यांच्याकडे.

टोकियो पाहून आम्ही शिझुओकाला आलो. दोन रात्री चहाच्या मळ्यांमधल्या एका घरी मुक्काम होता. ओकासाननं, म्हणजे घरच्या आईनं, दारातच सपाता पुढे केल्या आणि आतली खोली दाखवली. मी मासे खात नाही हे कळल्यावर माझं मिसो सूप माशांच्या अर्काशिवाय केलं.

रात्री मला आपलं बडोदा आठवलं. सयाजीराव महाराजांनी 1913 मध्ये बाबासाहेबांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेला पाठवलं. 1917 मध्ये ते नोकरीसाठी बडोद्यात आले, तर जातीमुळे त्यांना कुणी खोली दिली नाही. पारशी धर्मशाळेतूनही हाकललं.

परतल्यावर संकल्पभूमीवर गेलो. सयाजीबागेत लहानपणापासून खेळलो, पण तिथे कधी थांबलो नव्हतो.

मित्रांनो, अशा उपक्रमांना जरूर अर्ज करा. आमच्या घरी वरची खोली भाड्यानं देताना आधी आडनाव विचारायचे. आता मी विचारू देत नाही.