उलटे आटे, ओली दोरी

दोरी तुटली की मशीनचा आवाज आधी बदलतो, आपल्याला मागाहून कळतं. गवतात असते तोवर मशीन घसा बसल्यासारखी घुरघुरते. दोरी गेली की तिच्यावरचा भार जातो आणि ती एकदम केकाटायला लागते. गेल्या जुलैतल्या एका सकाळी माझी मशीन अशी केकाटली, तेव्हा मला वाटलं, वा, काय जोरात चालून राहिली! त्या जोरात दोनतीन मिनिटं मी कमरेएवढ्या तरोट्यावरून दांडा फिरवत राहिले. तरोटा वाऱ्याने हलावा तसा हलायचा आणि पुन्हा उभा राहायचा.

आमचं उकवा बालाघाटहून बैहरला जाणाऱ्या रस्त्यावर, घाट चढून वर आल्यावर लागतं. मॅंगनीजच्या खाणीचं गाव. अंगणात कुठेही फावडं मारा, काळा जड दगड लागतो. हातात घेतला की आकाराच्या मानाने वजन जास्त वाटतं. मी इथल्या शाळेत नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर इथेच घर बांधलं. घरामागे जागा मोकळी आहे, आणि मोकळ्या जागेत पावसाळ्यात जे व्हायचं ते होतं. तरोटा, आघाडा आणि गाजरगवत. हे गाजरगवत 1955च्या सुमारास पहिल्यांदा पुण्यात दिसलं म्हणतात. पुण्याहून उकव्यापर्यंत इतक्या नेटाने पोहोचलेलं दुसरं काही मला तरी ठाऊक नाही.

एरवी गवत कापायला एक गडी यायचा. पण जुलै म्हणजे रोवणीचे दिवस. बांधीत पऱ्हे लावायचे सोडून बाईंच्या घरामागचं गवत कोण कापणार? आणि त्याच आठवड्यात न्हाणीघराच्या पायरीवर मण्यार निघाली. नागपूरच्या धाकट्या भावाला फोनवर सांगितलं, तर त्याने चार दिवसांत पेट्रोलची ब्रश कटर मशीन घेऊन बसने स्वतः आणून दिली. "ताई, पातं लावू नकोस, दोरीच वापर. तुझ्याकडे दगड आहेत," एवढं बजावून तो परतला. पातं दगडावर आदळलं की हिसका देतं, दोरी वाकून बाजूला होते. हे त्याचं म्हणणं खरं होतं. दोरी संपल्यावर काय करायचं, हे सांगायचं मात्र तो विसरला.

दांड्याच्या टोकाला वाटीएवढं काळं हेड असतं. आत रीळ, रिळावर नायलॉनची दोरी, दोन बाजूंच्या भोकांतून तिची दोन टोकं बाहेर. चालत्या मशीनचं हेड जमिनीवर हलकं आपटलं की आतलं रीळ क्षणभर सुटतं आणि फिरण्याच्या वेगाने दोरी बाहेर फेकली जाते. जास्त आली तर मागच्या झाकणाला बसवलेली छोटी पाती ती मापात छाटते. मी आपटलं, पुन्हा आपटलं, धुणं आपटावं तसं आपटलं. काही येईना.

मशीन बंद करून ओट्यावर आडवी टाकली आणि हेड काढायला बसले. गिअरच्या डबीला एक भोक असतं. हेड हळूहळू फिरवत त्या भोकात सळई घातली की आतला दांडा अडकतो आणि मग हेड हाताने फिरवून निघतं, असं पुस्तिकेतल्या चित्रात होतं. सळई घातली आणि बाटलीचं झाकण उघडतो तसं हेड फिरवलं. हलेना. मग पदर गुंडाळून फिरवलं, मग पान्याने. तळहाताला फोड आला.

समोरच्या घरातला मुलगा मोटारसायकली दुरुस्त करतो. माझाच विद्यार्थी, सातवीपर्यंत. तो कुंपणावरून बघत होता. "मैडम, उल्टी चूड़ी है," म्हणाला, आणि आत येऊन दोन बोटांनी हेड दुसऱ्या बाजूला फिरवून काढून दिलं. मी तासभर ते अधिकाधिक घट्ट करत बसले होते. उलटे आटे अशासाठी, की फिरता फिरता हेड सैल होऊन उडू नये, उलट आवळतच जावं. सायकलच्या डाव्या पायडलला असतात तसेच. वर्गात मी हे मुलांना सांगितलेलं आहे, अगदी सायकल उभी करून. आपण शिकवलेलं आपल्या हाताला माहीत नसतं.

आत पाहिलं तर दोरी होती! भरपूर होती. पण वळशावर वळसा चढून, घासून, तापून एकमेकांना चिकटलेली, गुळाच्या भेलीसारखा एकच गोळा. कारखान्यातून आली तेव्हा नीट गुंडाळलेली असणार. पण मधे एकदा टोक आत गेलं म्हणून मीच रीळ उघडून दोरी कशीबशी कोंबली होती. तो गोळा स्क्रूड्रायव्हरने उचकटून काढला.

आता नवी दोरी कुठली आणायची? मुलगा म्हणाला, बालाघाटपर्यंत कशाला जाता, माझ्याकडे जुनी क्लचची तार आहे, ती घालतो, वर्षभर तुटायची नाही. मला ते पटलं, आणि याची लाज मी अजून बाळगून आहे. शेतावर काम करणारे काही लोक खरंच अशी तार घालतात. त्याने तारेचे दोन तुकडे भोकांतून ओवून गाठ मारली, मशीन सुरू केली आणि मला मागे उभं राहायला सांगितलं. पहिला तरोटा मुळासकट उडाला. दुसऱ्या झटक्याला हेड काळ्या दगडावर लागलं, ठिणगी पडली आणि माझ्या कानाजवळून माशी जावी तसं काहीतरी गेलं.

मशीन थांबल्यावर आम्ही दोघंही काही बोललो नाही. मग मला पपईचं झाड दिसलं. माझ्यापासून दोन हातांवर, साधारण माझ्या खांद्याच्या उंचीला, खोडात तारेचा एक तुकडा रुतला होता. बोटभर लांब, बाहेरचं टोक अजून थरथरत होतं. त्याच्या बुडाशी पांढरा चीक जमा झाला आणि एक थेंब खोडावरून सावकाश खाली आला. मुलाने तार काढून खिशात घातली. "मैडम, मम्मी को मत बताना," एवढंच म्हणाला. नायलॉन तुटलं तर पायाला चटका बसतो. तार तुटली तर तिची गोळी होते. म्हणून तर ही यंत्रं बनवणारे तार घालायला साफ मनाई करतात.

दुसऱ्या दिवशी बसने बालाघाट. चाळीसेक किलोमीटर, पावसात घाट उतरताना जीव मुठीत. दुकानात दोऱ्यांच्या गुंड्या टांगलेल्या, लाल, पिवळ्या, केशरी. गोल, चौकोनी, चांदणीसारख्या कडांच्या. दुकानदाराने तीन मिलिमीटरची जाड दोरी पुढे केली. मी नमुन्याला गोळ्यातला एक तुकडा पर्समध्ये आणला होता. तो बघून म्हणाला, ही 2.4ची आहे. जाड घेतली असती तर हेडच्या भोकात अडकली असती, आणि अडकली नसती तरी इंजिनाला ती फिरवायला जड गेली असती. मी 2.4ची गोल घेतली. चौकोनी दोरी कडेने चांगली कापते, पण रिळात वळसे नीट बसत नाहीत, असं त्यानेच सांगितलं. दुकानदाराने मला महागडी वस्तू घेऊ दिली नाही, हे नोंदवून ठेवते.

या दोरीची गोष्ट मी कधीतरी वाचली होती. अमेरिकेत ह्यूस्टनला जॉर्ज बॅलस नावाचा एक माणूस 1971 साली मोटार धुण्याच्या यंत्रातून जात होता. फिरणारे नायलॉनचे ब्रश गाडीला ओरखडा न काढता धूळ काढतात, हे बघून त्याच्या मनात आलं, झाडांच्या बुंध्याभोवतीचं गवत असंच का निघू नये? घरी जाऊन त्याने एका पत्र्याच्या डब्याला भोकं पाडली, त्यातून मासे पकडायची दोरी ओवली आणि तो डबा फिरत्या यंत्राला लावला. माझ्या हातातलं हेड म्हणजे तोच डबा.

घरी येऊन नवी दोरी गुंडाळली, मशीन चालवली, तर दहा मिनिटांत दोन्ही टोकं गेली. आपटून काढली, पुन्हा गेली. हातात घेऊन वाकवली तर कडक पापडासारखी मोडली. इतक्यात तळ्यावर जाळं टाकणारे काका रस्त्याने चालले होते. त्यांनी दोरी बोटांत फिरवली, दाताखाली धरली. "सूखी है," म्हणाले. दुकानात पत्र्याखाली उन्हाळा काढलेली दिसते, रात्रभर पाण्यात घाला. मला वाटलं, थट्टा करतात. नायलॉन म्हणजे प्लास्टिक, ते काय पाणी पितं? पण नायलॉन खरंच पाणी पितं. हवेतला ओलावा शोषून लवचिक राहतं आणि उन्हाळ्यात वाळून ठिसूळ होतं. जाळ्यांत आयुष्य गेलेल्या माणसाला हे दाताने कळत होतं.

रात्रभर बादलीत भिजवलेली गुंडी सकाळी बाहेर काढली, तेव्हा ती हातात मऊ, थोडी गार लागली. या वेळी घाई केली नाही. सहा मीटर दोरी मोजून घेतली. दुमडताना एक बाजू वीतभर लांब ठेवली. मधला वाक रिळाच्या मधल्या पडद्यातल्या खाचेत अडकवला आणि बाणाच्या दिशेने गुंडाळायला सुरुवात केली, एक पदर वरच्या खणात, एक खालच्या. बाणाच्या उलट गुंडाळलं तर कितीही आपटा, दोरी बाहेर येत नाही. वळशाला वळसा चिकटून, वर चढू न देता गुंडाळत गेले.

आणि इथे मला बाबा आठवले. बाबा मूळचे तुमसरचे. बालाघाट जिल्ह्यातल्याच भरवेलीच्या खाणीत विंडिंग इंजिन ड्रायव्हर होते. 1956 साली भाषेनुसार राज्यं झाली तेव्हा तुमसरसकट भंडारा जिल्हा मराठी मुलखात गेला आणि बालाघाट हिंदी मुलखात राहिला. म्हणून आमच्या घरात मराठी आणि फाटकाबाहेर हिंदी. भरवेलीची खाण खोल, माणसं केजमधून उतरायची. त्या केजचा दोर ज्या ड्रमवर गुंडाळला जायचा, तो ड्रम बाबांच्या हाताखाली. लहानपणी एकदा मी डबा घेऊन इंजिनघरात गेले होते. बाबांनी डब्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. डोळे ड्रमवर, कान घंटेवर. घंटेचा एक ठोका पडला आणि ड्रम जागच्या जागी थांबला. घरी आल्यावर त्यांनी मला ताटातल्या शेवयांनी दाखवलं होतं: एक वळसा दुसऱ्यावर चढला की दोर दबतो, खालच्या वळशात रुततो आणि सुटताना हिसका बसतो. त्या दोराच्या टोकाला माणसं असतात.

माझ्या दोरीच्या टोकाला तरोटा होता, पण वळसे मी बाबांसारखे घातले. वीतवीतभर टोकं बाहेर ठेवून समोरासमोरच्या खाचांत अडकवली, हेडच्या भोकांतून ओढली, आत स्प्रिंग बसवून झाकण दाबलं. टक्. मग हेड उलट्या बाजूने फिरवून चढवलं, या वेळी हाताने पहिल्याच फटक्यात.

मशीन सुरू केली, आपटलं, आणि दोरी आली. पुन्हा आपटलं, पुन्हा आली. गाजरगवत आडवं व्हायला लागलं, हिरवा चिखल चष्म्यावर, गुडघ्यांवर, तोंडावर बांधलेल्या ओढणीवर. काळ्या दगडाला लागली की दोरी झिजायची. तिने झिजायचंच असतं, मी आपली आपटत पुढे जात होते. संध्याकाळी झाडून घेताना नखाएवढे केशरी तुकडे मातीत सगळीकडे दिसले. जमतील तेवढे वेचले. सगळे काही वेचले गेले नाहीत, आणि हे मला आवडलेलं नाही.

रोवणी आटोपून गडी आला तेव्हा त्याने ते कापलेलं गवत पायाने उकरून पाहिलं. इळ्याने कापलं असतं तर पेंढ्या बांधून गाईला नेल्या असत्या, म्हणाला. दोरीने गवत कापलं जात नाही, फाटतं. आणि पेट्रोलचा वास लागलेल्या गवताला गाय तोंड लावत नाही. तेव्हापासून आमची वाटणी ठरली आहे. कुंपणाकडची गवताची पट्टी त्याची, तरोटा नि गाजरगवत माझं. तुळशीभोवती मशीन कोणीच नेत नाही.

उरलेली गुंडी मी आता पाण्याच्या जुन्या बादलीतच ठेवते. राखीच्या दोनतीन दिवसांनी जाळेवाले काका फाटकात आले, जाळ्याची वरची कड बांधायला हात-दोन हात दोरी मिळेल का म्हणून. चार हात कापून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पळसाच्या पानात बांधलेले झिंगे घेऊन हजर. मी म्हटलं, काका, श्रावण आहे आमचा. ते हसले. "सावन तो राखी को ही गया, मैडम!" त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आमचा अमावास्येला, पोळ्याच्या दिवशी. पंधरा दिवसांचा फरक. झिंगे काही पंधरा दिवस थांबणारे नव्हते. मी समोरच्या मुलाला हाक मारली.