जर्मनचं पिस्तूल

"पोरगी, आणि पिस्तुलावर सेमिनार?" सहाव्या सेमिस्टरच्या विषयांची यादी नोटीस बोर्डावर लागली तेव्हा आमच्या मेकॅनिकलच्या पोरांनी हेच विचारलं. उत्तर तेव्हा दिलं नाही, आता देते. पण आधीच सांगते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. मराठी म्हणजे घरी आईशी भांडायची भाषा. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पदरात घ्या!

तर पिस्तूल माझ्या डोक्यात शिरलं ते मामामुळे. मामा पोलीस उपनिरीक्षक, पोस्टिंग गडचिरोली जिल्ह्यात. भाऊबीजेला एका दिवसासाठी आमच्याकडे वरठीला आला. आल्या आल्या कंबर धरून बसला. "ताई, गरम पान्याची पिशवी दे. दिवसभर किलोभर लोखंड लटकून राह्यते कमरेले."

झालं, माझ्यातली इंजिनिअर जागी झाली. "मामा, आता ॲल्युमिनियमच्या फ्रेमची पिस्तुलं मिळतात. पोलादाची घनता 7.85, ॲल्युमिनियमची 2.7. म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश!"

बाबा ड्युटीला जायला बूट घालत होते. ते तिथूनच म्हणाले, "जर्मनचं पिस्तूल? जर्मनचा गंज दोनदा पडला का पोचे येतेत त्याले. त्याच्यावर का जीव सोपवाचा?"

आपल्याकडे ॲल्युमिनियमच्या भांड्याला 'जर्मन' म्हणतात हे शहरातल्या मैत्रिणींना सांगावं लागतं. आणि बाबांचंही बरोबर होतं. वरठी म्हणजे भंडारा रोड स्टेशन आणि सनफ्लॅगचा पोलादाचा कारखाना. पोलादाला लागणारं मँगनीज आमच्याच जिल्ह्यात, तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्गला निघतं. बाबांनी पंचवीस वर्षं रोलिंग मिलमध्ये काढली. त्यांच्यासमोर दुसऱ्या धातूचं कौतुक म्हणजे सासरी माहेरचं कौतुक!

पण मी कुठली ऐकते? "बाबा, 7075 नावाचा मिश्रधातू असतो, विमानात वापरतात. त्याची ताणशक्ती 570 मेगापास्कलच्या आसपास. तुमच्या साध्या पोलादापेक्षा जास्त!"

बाबा काही बोलले नाहीत. डबा उचलला आणि सेकंड शिफ्टला निघून गेले.

मामा म्हणाला, "बाई, मी माह्या लायसनवर एक घ्याचा विचार करून राह्यलो. मंग हलकंच घेऊ ना?"

"घ्या बिनधास्त!" मी म्हटलं.

सेमिनारच्या दिवशी मी हाच आकडा स्लाइडवर मोठ्या अक्षरात टाकला. सरांनी शांतपणे एकच प्रश्न विचारला. "हा आकडा एकदा ओढून तोडायचा आहे. पिस्तूल एकदाच चालतं का?"

माझी बोलती बंद. मग सरांनी फळ्यावर दोन रेषा काढल्या. वारंवार बसणाऱ्या ताणाने धातू थकतो, म्हणजे 'फटीग'. पोलादाची रेषा खाली येते आणि दहा लाख ते एक कोटी फेऱ्यांच्या आसपास आडवी होते. त्या पातळीच्या खाली ताण ठेवला, तर पोलाद जवळजवळ कितीही फेऱ्या सोसतं. ॲल्युमिनियमची रेषा मात्र उतरतच राहते. फटका लहान असला तरी तो खात्यावर जमा होतो. हे शास्त्र सुरू झालं रेल्वेच्या आसांपासून. एकोणिसाव्या शतकात प्रशियात ऑगस्ट व्होलर यांनी आस पुन्हा पुन्हा वाकवून त्याच्या फेऱ्या मोजल्या. मी लहानपणापासून भंडारा रोडवर गाड्या बघते, पण चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला आस एकदा वर, एकदा खाली वाकतो हे कधी मनात आलं नव्हतं!

आता पिस्तुलाकडे. ॲल्युमिनियमचं पिस्तूल म्हटलं तरी नळी आणि वरची सरकणारी स्लाइड पोलादाचीच असते. ॲल्युमिनियमची असते ती फ्रेम, म्हणजे हातात धरायचा खालचा सांगाडा. गोळी सुटली की स्लाइड जोराने मागे येते, फ्रेमवर आदळते आणि स्प्रिंग तिला पुन्हा पुढे ढकलते. म्हणजे प्रत्येक गोळीला फ्रेमला एक हातोडा!

गंमत बघा. दुसऱ्या महायुद्धातलं जर्मनांचं वॉल्थर पी 38 पोलादी फ्रेमचं होतं. 1957 पासून पश्चिम जर्मनीच्या सैन्यासाठी तेच पिस्तूल ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर बनू लागलं, पुढे त्याचं नाव पी 1 झालं. फ्रेमला भेगा जाऊ लागल्या. मग त्यांनी काय केलं? पूर्ण फ्रेम बदलली नाही. जिथे फटका बसतो तिथे फ्रेममधून पोलादाची एक षट्कोनी खीळ आरपार घातली. जर्मनांना 'जर्मन' नडलं, आणि बाबांचं पोलाद मदतीला आलं!

पण म्हणून ॲल्युमिनियम बाद होत नाही. बेरेटा 92 ची फ्रेम ॲल्युमिनियमचीच, आणि अमेरिकन सैन्याने 1985 मध्ये ते स्वीकारून तीसेक वर्षं वापरलं. आपल्या पुण्याच्या एआरडीई या संस्थेने आणि महूच्या इन्फन्ट्री स्कूलने मिळून केलेलं 'अस्मी' हे मशीन पिस्तूल जानेवारी 2021 मध्ये जाहीर झालं. त्याचा वरचा भाग विमानाच्या दर्जाच्या ॲल्युमिनियमचा आणि खालचा कार्बन फायबरचा आहे. म्हणजे प्रश्न 'कोण भारी' हा नाहीच. फटका कुठे बसतो, किती वेळा बसतो आणि मध्ये स्प्रिंग कशी आहे, हा आहे. स्प्रिंग थकली की स्लाइड जास्त जोरात आदळते. ती वेळेवर बदलली तर महागडी फ्रेम वाचते.

त्या रात्री हॉस्टेलच्या गच्चीवरून मामाला फोन लावला. छातीत धडधड होत होती. माझ्या अर्धवट ज्ञानावर मामा जीव ठेवायला निघाला होता.

"मामा, मी तुम्हाला अर्धंच सांगितलं. तुम्ही वर्षाला गोळ्या किती झाडता?"

"सरावाच्या असतेत तेवढ्याच. बाकी सालभर कमरेलेच."

"मग तुम्हाला ॲल्युमिनियम चालेल. पण जे एकच पिस्तूल शंभर जण सरावाला वापरतात, ते पोलादी बरं. आणि घेतलं तर एक वही ठेवा. किती गोळ्या झाडल्या, स्प्रिंग कधी बदलली, सगळं लिहा. साफ करताना फ्रेमवर भेग दिसते का बघा. बारीक भेग दिसली तरी वापरायचं नाही."

मामा जरा वेळ गप्प. मग म्हणाला, "हे भाऊबीजेले का नाही सांगतलं बाई?"

काय सांगणार? तेव्हा मला माहीतच नव्हतं, आणि माहीत नाही हेही माहीत नव्हतं.

शनिवारी घरी गेले. बाबांना सगळं सांगितलं, जर्मनांच्या खिळीचं तर दोनदा सांगितलं. वाटलं, म्हणतील, "मी का म्हनत होतो?" पण बाबा म्हणाले, "पोलादाचंही तसंच हाय बाई. ताण जास्त झाला का तेही थकते. आमच्या मिलचे रोल किती टन माल गेला ते पाहून काढतो आम्ही. तुटाची वाट नाही पाहात."

फटीगचा अख्खा धडा बाबांनी दोन वाक्यांत संपवला. जो मी चार पुस्तकं चाळून केला होता! ज्या माणसाला मी 'तुमचं साधं पोलाद' म्हटलं, तो रोज हाच हिशेब ठेवत होता. मी त्यांना पंचवीस वर्षांत... म्हणजे माझ्या वीस वर्षांत कधी विचारलंच नाही, की बाबा, तुम्ही मिलमध्ये नेमकं काय करता?

त्या दिवशी विचारलं. सेकंड शिफ्टची वेळ होईपर्यंत बाबा बोलत होते. चहा उकळत होता तो जर्मनच्या गंजात. पोचे आलेला, पण माझ्या जन्माच्या आधीपासूनचा!