आधी भाव, मग घोडा

माथेरानला जाताना टोपी घरी राहिली तरी चालेल. भाव विचारणारी जीभ मात्र बरोबर हवी. १९०७ साली सुरू झालेल्या छोट्या आगगाडीत हा प्रश्न नाही. तिकिटावर घासाघीस कसली? नेरळ स्टेशनाबाहेरच्या टॅक्सीवाल्याला 'माणशी किती?' एवढे विचारावे. जागा भरल्या की गाडी सुटते. घाट चढून दस्तुरी नाका आला की मात्र मोटारीचे राज्य संपते. पुढे लाल मातीची वाट, आणि समोर घोडेवाले!

खरी बोलणी इथे. दरफलक आधी वाचावा. मग विचारावे : हा भाव बाजारापर्यंतचा की थेट हॉटेलपर्यंतचा? पॉइंट कोणकोणते? थांबण्याचे पैसे निराळे का? परतीचे काय? आमच्या सौ. तर साऱ्या अटी मोठ्याने पुन्हा म्हणून दाखवतात. घोडेवाला हसतो, पण मान डोलावतो. पुढचे भांडण तिथेच मिटते.

मात्र सौदा ठरला की जीभ आवरावी. एको पॉइंटवर आपण हाका मारून प्रतिध्वनी ऐकत असतो, तेव्हा तो लगाम धरून सारी वाट पायी आलेला असतो. गिऱ्हाईक एखाद्या दिवशी मिळत नाही. घोड्याला चारा रोज लागतो. उतरल्यावर दहा-वीस रुपये तोडू पाहणे म्हणजे वरातीमागून घोडे. त्यात शहाणपण नाहीच, माणुसकीही नाही.